सव्वीस वर्षं सभागृहात, पण मताविना : अमेरिकेतल्या मराठी मतदारांना खुलं पत्र

प्रिय मराठी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, उजवा हात वर करून शपथ घेतलीय आणि आता निवडणूक आली की न चुकता मत देता, त्यांना हे पत्र लिहितेय.

नागरिकत्वाच्या परीक्षेचे ते शंभर प्रश्न आठवत असतील. आमच्याकडे फ्रिजवर रोज पाच प्रश्नांचा कागद लावलेला असायचा. पोळ्या लाटता लाटता मी उत्तरं म्हणायची आणि सातवीतला मुलगा तपासायचा. ‘प्रतिनिधीगृहात मतदान करणारे सदस्य किती?’ याचं उत्तर मी घडाघडा सांगितलं, ४३५. तो म्हणाला, “आई, मतदान करणारे असं का विचारलंय? न करणारे पण असतात?” मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, परीक्षेला तेवढंच विचारतात, तू पुढचा प्रश्न घे.

त्याच यादीत ‘तुमच्या प्रतिनिधीचं नाव सांगा’ असाही प्रश्न होता. त्याच्या उत्तराखाली एक सूचना आहे. ग्वाम, पोर्तो रिको, अमेरिकन सामोआ अशा, अमेरिकेच्या ताब्यातल्या पण राज्य नसलेल्या प्रदेशांतल्या रहिवाशांनी मताचा हक्क नसलेल्या त्यांच्या डेलिगेटचं नाव सांगितलं तरी चालेल. आणि ‘आमच्या प्रदेशाला मत देणारा प्रतिनिधीच नाही’ असं म्हटलं तरी ते उत्तर बरोबर धरलं जाईल. सरकारने स्वतः छापलेल्या पुस्तिकेत हे लिहिलेलं आहे. मी ते तेव्हा वाचलं आणि पान उलटलं.

२०११ च्या मार्चमध्ये माझा शपथविधी झाला. मी तेव्हा लॉस एंजलिसजवळच्या एका हॉस्पिटलात बिलिंगमध्ये कामाला होते, आणि माझ्याच खात्यातली एक सहकारी त्याच दिवशी त्याच हॉलमध्ये शपथ घ्यायला आली होती. ती अमेरिकन सामोआतल्या तुतुइला बेटावरची, लेओने गावची. मी देवरुखची. शेजारी शेजारी खुर्च्या मिळाल्या म्हणून दोघी खूश होतो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हिचा जन्म अमेरिकेच्या झेंड्याखाली झालाय, हिचा नवरा अमेरिकन सैन्यात होता, वीस वर्षं ही इथे कर भरतेय, आणि तरी ही माझ्यासारखाच अर्ज, माझ्यासारखीच फी भरून, मी दिलेलीच परीक्षा देऊन इथे बसलीय. मी एक देश सोडून आले होते. तिला सोडण्यासारखा दुसरा देशच नव्हता. तिने पर्समधून जुना अमेरिकन पासपोर्ट काढून दाखवला. त्यात शेवटी शिक्का होता : धारक अमेरिकेचा ‘नॅशनल’, म्हणजे या देशाचा माणूस आहे, पण नागरिक नाही.

परत येताना गाडीत ती म्हणाली, “जानेवारीत आमच्या माणसाचं मत परत काढून घेतलं.” तो माणूस म्हणजे एनी फालेओमावाएंगा, अमेरिकन सामोआचे तेव्हाचे डेलिगेट. त्यानंतर मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. हे पत्र त्यांच्या कारकिर्दीबद्दल आहे, कारण आपल्याला जे शपथेच्या दिवशी सहज मिळालं, ते त्यांना २६ वर्षं त्या सभागृहात काढूनही मिळालं नाही.

आधी त्या बेटांविषयी थोडं. अमेरिकन सामोआ हवाईच्याही दक्षिणेला, विषुववृत्ताच्या खाली आहे. सगळी बेटं मिळून जेमतेम २०० चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत ४९,७१० माणसं, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. मुख्य गाव लिहिताना ‘पागो पागो’ दिसतं, पण सामोअन भाषेत त्या ग चा उच्चार ङ होतो, म्हणून पांगो पांगो. त्या गावापुढचं खोल, डोंगरांनी वेढलेलं बंदर अमेरिकन आरमाराला आगबोटींच्या कोळशासाठी हवं होतं. १७ एप्रिल १९०० रोजी तुतुइलाच्या प्रमुखांनी करारावर सह्या केल्या, १९०४ मध्ये मनुआ बेटांनी केल्या. अमेरिकन काँग्रेसने तो करार रीतसर स्वीकारला १९२९ साली. मधली सगळी वर्षं आणि पुढे १९५१ पर्यंत आरमाराचा अधिकारी तिथे गव्हर्नर म्हणून राज्य करत होता. नंतर कारभार गृह खात्याकडे गेला. हे खातं आपल्याकडच्या गृह खात्यासारखं पोलिसांचं नाही, जमिनी, जंगलं आणि बेटं सांभाळणारं आहे. लोकांनी आपला गव्हर्नर निवडला तो १९७७ मध्ये, आणि वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात त्यांचा माणूस बसला १९८१ मध्ये. कराराला तोवर ८० वर्षं होऊन गेली होती.

बसला तो डेलिगेट म्हणून. ही कल्पना १७८७ च्या एका कायद्यातली. देश पश्चिमेकडे पसरत होता, नव्या प्रदेशांची अजून राज्यं झाली नव्हती, तोवर त्यांचा एक माणूस सभागृहात असावा, त्याला बोलता यावं पण मत देता येऊ नये, अशी ती तात्पुरती सोय होती. पुढे ते प्रदेश राज्यं झाले आणि त्यांना मत मिळालं. बेटांच्या बाबतीत पुढचं पाऊल पडलंच नाही. १९०१ मध्ये पोर्तो रिकोच्या संत्र्यांवरच्या जकातीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा एका न्यायमूर्तींनी लिहिलं की ही बेटं ‘देशांतर्गत अर्थाने परकी’ आहेत. त्या काळच्या निकालांत परक्या वंशांना आपले कायदे कसे लागू करायचे, अशीही भाषा आहे. इंग्रजांच्या राज्याबद्दल शाळेत शिकलेल्या कुणाही मराठी माणसाला ती ओळखीची वाटेल. ते निकाल अजून रद्द झालेले नाहीत.

फालेओमावाएंगा १५ ऑगस्ट १९४३ रोजी तुतुइलावरच्या वैलोआताई गावी जन्मले. जन्मनाव एनी हंकिन. फालेओमावाएंगा ही ‘मताई’ची, म्हणजे कुळाच्या प्रमुखाची पदवी, जी त्यांना पुढे मिळाली. आपल्याकडे देशमुख, पाटील, खोत ही पदं माणसाच्या नावाला चिकटली, तसंच काहीसं. शाळा हवाईत झाली, कॉलेज हवाईत आणि यूटात. १९६६ मध्ये सैन्यात गेले आणि व्हिएतनामची लढाई पाहून आले. परत येऊन ह्यूस्टनला वकिली शिकले, मग बर्कलीला. १९७५ ते १९८१ ही सहा वर्षं ते प्रतिनिधीगृहाच्याच एका समितीत वकील म्हणून नोकरीला होते, आणि ती समिती होती बेटांचा कारभार बघणारी. ते तिथे असतानाच, १९७८ साली, सामोआला डेलिगेट देणारा कायदा झाला. म्हणजे ज्या खुर्चीवर पुढे बसायचं होतं, ती किती अपुरी आहे हे त्यांना बसण्याआधीच ठाऊक होतं. मग बेटावर परतून उप महाधिवक्ता, १९८५ पासून लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर. १९८८ मध्ये आधीच्या डेलिगेटने बोगस नोकरांच्या पगाराच्या प्रकरणात गुन्हा कबूल करून राजीनामा दिला होता. बेटाला वॉशिंग्टनमध्ये तोंड दाखवायला लाज वाटावी अशा वेळी लोकांनी यांना पाठवलं.

दोन वर्षांची एक, अशा १३ मुदती ते निवडून आले. पांगो पांगोहून वॉशिंग्टन सुमारे ११ हजार किलोमीटर. मुंबईहून लंडन याच्या दोन तृतीयांश अंतरावर आहे. एवढा प्रवास करून यायचं, भाषण करायचं, विधेयक मांडायचं, समितीत मत द्यायचं, समितीचं अध्यक्षपदसुद्धा भूषवायचं. २००७ ते २०११ या काळात आशिया आणि पॅसिफिकच्या उपसमितीचे ते अध्यक्षच होते. आणि विधेयक अखेरच्या मतदानाला आलं की बाजूला व्हायचं. सभासद ज्या कार्डाने मत देतात, ते तेव्हा त्यांच्या उपयोगाचं नाही.

माझी सहकारी ज्या मताबद्दल बोलत होती ते याहूनही लहान होतं. अखेरच्या मतदानाआधी सगळं सभागृह एका मोठ्या समितीच्या रूपाने बसतं आणि दुरुस्त्यांवर मतं घेतं. १९९३ मध्ये तिथे डेलिगेटना मत देण्याचा नियम झाला. अट अशी की डेलिगेटांच्या मतांमुळे निकाल फिरत असेल तर लगेच पुन्हा मतदान घ्यायचं, त्यांना वगळून. म्हणजे तुमचं मत मोजू, पण त्याने काही ठरत असेल तर मोजणार नाही. एवढ्यालाही कोर्टात आव्हान दिलं गेलं. कोर्टाने नियम टिकवला, पण टिकवण्याचं कारण हेच, की त्या मताने काहीही ठरत नाही. १९९५ मध्ये बहुमत बदललं आणि ते मत गेलं. २००७ मध्ये बहुमत पुन्हा बदललं, मत परत आलं. २०११ च्या जानेवारीत पुन्हा गेलं. फालेओमावाएंगांनी हे देणं-घेणं चार वेळा पाहिलं. २०१९ मध्ये ते परत मिळालं तेव्हा ते हयात नव्हते.

माझ्या आजीच्या काळात गावच्या बैठकीत बायकांना ओसरीच्या आतून ऐकायची मुभा असे. कुणी शहाणा माणूस असला तर आतल्या बाजूला वळून विचारायचासुद्धा, “तुमचं काय म्हणणं?” आजी ते फार अभिमानाने सांगायची, की आम्हाला विचारायचे. विचारायचे आणि मग बाहेरचे ठरवायचे. १९९३ चा नियम वाचताना मला तीच ओसरी दिसली.

आता १० ऑक्टोबर २००२ चा दिवस घ्या. इराकवर लष्करी कारवाईचा अधिकार अध्यक्षांना द्यायचा की नाही, यावर प्रतिनिधीगृहात मतदान झालं. २९६ विरुद्ध १३३. अमेरिकन सामोआतून सैन्यात जाणाऱ्या तरुणांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने देशात सर्वांत वरच्या प्रमाणांपैकी एक. त्या युद्धात त्या चिमुकल्या बेटांवरची मुलं गेली आणि काही शवपेटीतून परत आली. त्यांचा प्रतिनिधी, जो स्वतः व्हिएतनाममध्ये लढून आला होता, त्याला त्या २९६ मध्येही जागा नव्हती आणि १३३ मध्येही. त्यांनी कोणत्या बाजूने मत दिलं असतं हा वेगळा प्रश्न. त्यांच्याकडे बाजू घ्यायचं साधनच नव्हतं.

सगळ्यात जास्त मला त्रास होतो तो किमान वेतनाच्या गोष्टीचा, कारण त्यात कुणी दुष्ट नाही. सामोआची अर्थव्यवस्था तेव्हा दोनच गोष्टींवर उभी होती : सरकारी नोकऱ्या आणि टूना मासे डबाबंद करण्याचे कारखाने. कारखान्यातल्या बायकांना २००७ साली तासाला ३.२६ डॉलर मिळत. देशात किमान वेतन वाढवायचा कायदा होत होता. तो मुख्य भूमीसाठी चांगलाच होता, त्या बायकांनाही चार पैसे जास्त हवेच होते. कायद्यात ठरलं की सामोआतही दर वर्षी ५० सेंट वाढवत न्यायचे, देशाच्या दराशी येईपर्यंत. टूना तर थायलंडमध्ये याहून कितीतरी कमी मजुरीत डबाबंद होतो. दर वर्षी आपोआप वाढ नको, आधी बेटाला किती पेलवेल ते बघा, असं फालेओमावाएंगा सांगत राहिले. मजुरांचा माणूस, डेमोक्रॅटिक पक्षाचा माणूस, आणि मजुरीवाढ थांबवा म्हणतोय! त्यासाठी त्यांना किती बोलणी खावी लागली असतील. दोन मोठ्या कारखान्यांपैकी एकाने मुक्काम हलवायचं जाहीर केलं आणि ३० सप्टेंबर २००९ ही बंद होण्याची तारीख ठरली. दोन हजारांच्या आसपास नोकऱ्या. कारखाना जाण्याला वेतनवाढ हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, मासळीच्या धंद्याची गणितं अनेक असतात. पण बेटाचं पोट ज्या कायद्यावर ठरणार होतं, त्याच्या अखेरच्या मतदानात बेटाचं मत नव्हतं, एवढं खरं.

आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी, २९ सप्टेंबरला सकाळी, समुद्र आला. ८.१ तीव्रतेचा भूकंप आणि काही मिनिटांत त्सुनामी. अमेरिकन सामोआत ३४ माणसं गेली, शेजारच्या स्वतंत्र सामोआत शंभरावर. लेओने गाव झोडपलं गेलं. माझी सहकारी त्या दिवशी कामावर हातात फोन धरून बसली होती, लागतच नव्हता. संध्याकाळी लागला. घरचे डोंगरावर पळाले होते म्हणून वाचले, घर नव्हतं. मी तिच्यासाठी मऊभात करून नेला, दुसरं काही सुचेना. दुसऱ्या दिवशी कारखाना ठरल्याप्रमाणे बंद झाला. पुढच्या वर्षी काँग्रेसने वेतनवाढीचे पुढचे टप्पे काही काळ थांबवले. जे फालेओमावाएंगा आधीपासून सांगत होते, ते संकटानंतर पटलं.

या माणसाकडे मत नव्हतं म्हणून त्याने काय काय केलं, तेही सांगायला हवं. १९८७ मध्ये, लेफ्टनंट गव्हर्नर असताना, ते ‘होकुलेआ’ या जोडनौकेतून ताहितीकडून हवाईपर्यंत समुद्रातून गेले. होकायंत्राशिवाय, तारे आणि लाटा वाचत, पूर्वजांनी केला तसा प्रवास. पॉलिनेशियन माणूस वाऱ्यावर भरकटत बेटांवर पोचला नाही, तो ठरवून पोचला, हे त्या नौकेने जगाला दाखवलं. १९९५ मध्ये फ्रान्सने मोरुरोआ बेटाजवळ पुन्हा अणुचाचण्या करायचं ठरवलं, तेव्हा ते ग्रीनपीसच्या जहाजावर चढून निषेधाला गेले आणि फ्रेंचांनी त्यांना ताब्यात घेतलं. अमेरिकन प्रतिनिधीगृहाचा सदस्य मित्रराष्ट्राच्या ताब्यात, ही साधी गोष्ट नव्हती. पण त्या चाचण्यांचं विष ज्या पाण्यात जाणार, त्याच पाण्यातली मासळी त्यांचे लोक खातात. इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पश्चिम पापुआच्या लोकांची बाजूही ते त्या सभागृहात वर्षानुवर्षं मांडत राहिले. अमेरिकेत ते ऐकायला कुणालाच सवड नव्हती.

एका गोष्टीवर मात्र माझं त्यांच्याशी पटत नव्हतं, आणि ती लपवून हे पत्र लिहिणं बरोबर होणार नाही. काही सामोअन लोक कोर्टात गेले, की अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो नागरिक असं संविधान म्हणतं, मग आम्ही नागरिक का नाही? हॉलमधली ती खुर्ची आठवून माझं मन त्यांच्या बाजूने होतं. फालेओमावाएंगा मात्र सामोआ सरकारबरोबर त्यांच्या विरोधात उभे राहिले. २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने दावा फेटाळला, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला. यूटातल्या दुसऱ्या खटल्यात २०१९ मध्ये एका न्यायाधीशांनी नागरिकत्व मान्य केलं, अपिलात तेही उलटलं, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही खटला घेतला नाही.

मला राग आला होता. मी सहकारीला विचारलं, तुमच्याच माणसाने असं का करावं? तिने मला त्यांच्या जमिनींबद्दल सांगितलं. बेटावरची बहुतेक जमीन ‘आइंगा’ची, म्हणजे कुळाची सामाईक. मताई ती सांभाळतो, विकता येत नाही, बाहेरच्याला घेता येत नाही. वंशाच्या आधारावर जमिनीचे नियम करणं अमेरिकन संविधानाच्या समानतेत बसतं का, असा प्रश्न नागरिकत्वामागून येईल आणि जमीन हातची जाईल, ही भीती. कोर्टाने वरून लादलेलं नको, लोकांनी आपण ठरवावं, हे फालेओमावाएंगांचं म्हणणं होतं. देवरुखला आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यापायी किती भांडणं झाली ते मला माहीत आहे, आणि त्या सतरा नावांमुळेच ती जमीन अजून बिल्डरकडे गेली नाही, हेही माहीत आहे. शेजारच्या वाड्या एकेक करून गेल्या. हवाईत मूळ लोकांच्या जमिनींचं काय झालं हे तर फालेओमावाएंगांनी लहानपणापासून पाहिलेलं. मला अजूनही वाटतं की जन्माने मिळणारा हक्क कुणाच्या जमिनीच्या बदल्यात मागायला लागू नये. पण त्यांना कमी लेखायची चूक मी आता करत नाही. हक्क कोणता हवा हे ज्याचं त्याला विचारायचं असतं, आणि त्यांना १९०० पासून कुणी विचारलंच नव्हतं.

२०१४ मध्ये ते हरले. अमाता कोलमन राडेवागेन यांनी त्यांना हरवलं, बेटाच्या पहिल्या निवडून आलेल्या गव्हर्नरांची ही मुलगी, रिपब्लिकन पक्षाची, यांच्याविरुद्ध आधी अनेकदा लढून हरलेली. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी यूटामधल्या प्रोव्हो गावी फालेओमावाएंगा वारले, वय ७३. त्यानंतर राडेवागेनबाईंनी विधेयक आणलं, की बेटावरच्या माजी सैनिकांच्या दवाखान्याला त्यांचं नाव द्यावं. ते मंजूर झालं, आज दवाखान्यावर नाव आहे. ज्यांच्याशी आयुष्यभर लढल्या त्यांच्या नावासाठी बाईंनी विधेयक मांडलं, आणि त्या विधेयकावर अखेरचं मत द्यायचा हक्क बाईंनाही नव्हता.

आपल्याकडे लक्षद्वीप आहे. २०११ मध्ये लोकसंख्या ६४,४७३, म्हणजे सामोआच्याच तोलाची. पी. एम. सईद तिथून १९६७ पासून लागोपाठ दहा वेळा निवडून आले, लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. राज्यसभेत लक्षद्वीपला जागा नाही, आपलंही सगळं आलबेल नाही. पण लोकसभेत लक्षद्वीपच्या खासदाराचं मत आणि बारामतीच्या खासदाराचं मत यांत काडीचा फरक नाही. १९९९ मध्ये केंद्रातलं सरकार एका मताने पडलं होतं, हे आपल्यापैकी पुष्कळांनी टीव्हीसमोर बसून पाहिलंय. तसल्या सभागृहात एक मत असणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून द्यायला नको.

कुणी म्हणेल, पन्नास हजार लोकांना एक पूर्ण मत द्यायचं तर आमच्या साडेसात लाखांच्या मतदारसंघाचं काय? हा प्रश्न खरा आहे. पण पाचही बेट-प्रदेश धरले तर ३५ लाखांवर माणसं होतात, आणि पावणेसहा लाखांच्या वायोमिंगला प्रतिनिधीगृहात एक मत आणि सिनेटमध्ये दोन मतं आहेत. आणि जे आपल्या घराशी येतं ते असं : तुम्ही निवृत्त होऊन पुण्याला राहायला गेलात तरी अमेरिकेच्या अध्यक्षासाठी टपालाने मत देऊ शकता. ग्वामला घर केलंत, जिथे अमेरिकेचाच झेंडा आणि अमेरिकेचंच टपालखातं आहे, तर ते मत जातं. आज बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून निवडून येऊन प्रतिनिधीगृहात पूर्ण हक्काने मत देतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. एका मराठी माणसाला जे मिळतं ते वैलोआताईत जन्मलेल्या, या देशासाठी लढलेल्या माणसाला मिळू नये, हे मात्र मला पटवून घेता येत नाही.

तुम्हालाच का लिहितेय? कारण सामोआतल्या लोकांना हे बदलता येणार नाही. त्यांच्याकडे मत नाही, म्हणूनच तर हा प्रश्न आहे. मत तुमच्याकडे आहे. पूर्ण मत द्यायचं तर संविधानाला हात घालावा लागेल, ते लांबचं काम. पण त्या मोठ्या समितीतलं मत दर दोन वर्षांनी जानेवारीत, नवं सभागृह बसलं की साध्या बहुमताने नियमांत ठरतं. ते कुणाच्याही बहुमतात काढून घेऊ नका, आणि बेटांना काय हवंय हे बेटांवर जाऊन, त्यांच्या भाषेत विचारा, एवढं आपापल्या प्रतिनिधीला लिहा. दिवाळीच्या कार्यक्रमाला आपण त्यांना बोलावतो, शाल देतो, फोटो काढतो. त्याच वेळी हा एक प्रश्न विचारा. पक्ष कुठलाही असो. हे मत देणं आणि काढणं दोन पक्षांच्या हातून झालंय, पण सामोआतून निवडून जाणारे लोकही दोन्ही पक्षांचे आहेत.

माझ्या प्रतिनिधीला मी मागच्या आठवड्यात पत्र टाकलं. सहकारीनेही टाकलं, ती आता निवृत्त झालीय. तिचा भाऊ अजून लेओनेला असतो, त्याने त्सुनामीनंतर घर वरच्या अंगाला बांधलंय. पत्राची एक प्रत तिने त्यालाही पाठवली. त्याने फोनवर विचारलं, तुझ्या त्या इंडियन मैत्रिणीला आमचं काय पडलंय? तिने काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही. मी त्याच्यासाठी हे उत्तर लिहून ठेवलंय, त्याला आता तिच्याकडून वाचून घेता येईल.

आपली,
देवरुखची, आता लॉस एंजलिसची एक मतदार